बिल्ल्यामागचा शिपाई: जुन्या लष्करी पदकांवरून सैनिकाचा माग कसा काढावा

जुनं लष्करी पदक हाती आलं, मग ते घरच्या ट्रंकेत सापडलेलं असो, देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी ठेवलेलं असो की पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेलं, ते घासू नका. पितांबरी नको, चिंच-मीठ नको, ब्रासोही नको. चांदी उजळते, पण कडेवर ठोकलेली अक्षरं दर घासणीला पातळ होत जातात. त्या शिपायाबद्दल सरकारनं लिहिलेली आणि आज तुमच्या हातात असलेली एकमेव नोंद बहुधा तीच असते. एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत ती पुसली गेली, तर पुढचा सगळा शोध तिथंच थांबतो.

हा लेख मुख्यतः आपल्या मुलखातल्या सैनिकांसाठी आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, अहमदनगर, पुणे, कुलाबा या भागांतून पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाला गेलेल्या शिपाई, नायक, हवालदारांसाठी. पदकांवरचं इंग्रजी मार्गदर्शन भरपूर मिळतं, पण ते ब्रिटिश सैनिक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं: लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पदकाचं कार्ड काढा, मग सेवापुस्तक मागवा, काम झालं. आपल्या शिपायाचं सेवापुस्तक लंडनला गेलंच नाही. ते पलटणीच्या दप्तरात राहिलं. म्हणून आपला रस्ता वेगळा आहे. आधी पदक, पदकावरून पलटण, पलटणीवरून मोहीम आणि शेवटी गाव. हा क्रम मोडून थेट नावानं शोध घेणारे हमखास चुकीच्या माणसाच्या घरी पोचतात.

कड वाचा

भिंग घ्या, खिडकीजवळ बसा आणि टॉर्चचा उजेड तिरका पाडा. समोरून उजेड टाकला की झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. आडवा टाकला की खळग्यात सावली धरते आणि अक्षर उठून येतं. गोल पदकावर नाव कडेवर असतं. १९१४-१५ चा स्टार हा चांदणीसारखा ब्राँझचा बिल्ला असतो, त्याचं नाव पाठीवर असतं. पदक हळूहळू फिरवत कडेचे तुकड्यातुकड्यांनी फोटो काढा. मग कागदावर अक्षर न् अक्षर, टिंब न् टिंब जसंच्या तसं उतरवा. न कळलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाका. अंदाजानं भरू नका.

मजकुराचा क्रम सहसा ठरलेला असतो: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. हुद्द्याचं बहुधा संक्षिप्त रूप असतं. पायदळात सिपाही, लान्स नायक, नायक, हवालदार, जमादार, सुभेदार. घोडदळात स्वार, दफेदार, रिसालदार. सॅपर असेल तर इंजिनियर दल. ड्रायव्हर वाचून लगेच मोटार डोळ्यांपुढे आणू नका. पहिल्या महायुद्धातला ड्रायव्हर बहुतेक वेळा खेचरांच्या तांड्याबरोबर चालणारा माणूस होता. भिस्ती, स्वयंपाकी, मजूर असे हुद्देही दिसतील. अशा मजूर तुकड्यांना ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं दिलं गेलं. म्हणजे धातूवरूनच माणसाचं काम कळतं. बाजारात या ब्राँझच्या पदकाला वेगळा भाव असेल, पण त्यामागच्या माणसाबद्दल कागद सर्वांत कमी मिळतात आणि म्हणूनच ते जास्त जपायला हवं.

नंबराबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात नंबर पलटणीपुरता असे. एकच आकडा एकाच वेळी अनेक पलटणींत सापडतो. त्यामुळे नुसता नंबर निरुपयोगी आहे. नंबर आणि पलटण मिळून ओळख पटते.

नावाच्या बाबतीत सैल राहा. भरती करणारा कारकून कानाला पडेल तसं इंग्रजीत लिहायचा. जाधवचं ‘जाधाओ’, पवारचं ‘पोवार’, शिंदेचं काहीही. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव यांच्यासारख्या नामवंत वीराचं आडनावही इंग्रजी कागदांत वेगवेगळ्या वर्तणीनं येतं, तर खेड्यातल्या साध्या शिपायाचं काय! पुष्कळ पदकांवर आडनावच नसतं, नुसतं पाळण्यातलं नाव असतं. म्हणून शोधताना तीन-चार वर्तण्यांची यादी आधीच करून ठेवा.

नाव खरोखर त्याच माणसाचं आहे का, हेही इथंच तपासायचं. सरकारी पदकांची अक्षरं एका मापाची, एका रेषेत असतात. कधी जुनं नाव घासून दुसरं कोरलेलं असतं. अशा वेळी कड मधेच दबलेली वाटते आणि पदकाचा व्यास किंचित कमी भरतो. ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटरचं असतं. सोनाराकडच्या मापानं दोन-तीन ठिकाणी मोजा, शंका फिटेल. पण नाव बदललेलं प्रत्येक पदक फसवणुकीचं समजू नका. हरवलेल्या पदकाच्या जागी दुसऱ्याचं घेऊन त्यावर स्वतःचं नाव घालणारे सैनिकही होते.

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सैनिकांची पदकं बिननावाची दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र अनेकदा नाव आणि नंबर सापडतो, तेव्हा ‘त्या काळात नावं नव्हती’ असं कुणी सांगितलं तरी पाठ आणि कड बघितल्याशिवाय सोडू नका.

पलटणीचा आकडा आजच्या नावाशी जुळवा

१९०३ साली लष्कराची फेररचना झाली आणि मुंबई इलाख्यातल्या पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले गेले. ५ वी मुंबई लाइट इन्फंट्री १०५ वी झाली, १० वी ११० वी झाली. पुढे १९२२ साली या सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि बेळगाव त्यांचं केंद्र झालं. ही जुळणी जवळ ठेवा:

१०३ वी – पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची १ ली बटालियन
१०५ वी – २ री बटालियन
११० वी – ३ री बटालियन
११६ वी – ४ थी बटालियन
११७ वी – ५ वी, ‘रॉयल’ बटालियन
११४ वी – १० वी, प्रशिक्षण बटालियन

पदकावर ‘१-५’ किंवा ‘३-५ मराठा एल. आय.’ असं दिसलं की ते १९२२ नंतरचं. पहिला आकडा बटालियनचा, दुसरा रेजिमेंटचा. घरातली माणसं आकडा सांगत नाहीत, टोपणनाव सांगतात. ‘आमचे आजोबा जंगी पलटणीत होते’ म्हणजे १ ली मराठा, जुनी १०३ वी. ‘काली पंचवीं’ म्हणजे २ री, जुनी १०५ वी, जी मूळची मुंबईची ५ वी होती. असं एखादं टोपणनाव कानावर आलं तर ते लगेच लिहून घ्या. पुष्कळदा पुसट झालेल्या कडेपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

पलटणीच्या नावात ‘मराठा’ आहे म्हणून शिपाई मराठाच असेल असं धरू नका. या पलटणींत देशावरच्या आणि कोकणातल्या मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. महार सैनिकांचा शोध तर इतर अनेक ठिकाणी घ्यावा लागतो: १९१७ साली उभी राहिलेली आणि १९२१ मध्ये मोडलेली १११ वी महार पलटण, मजूर व पुरवठा दलं, आणि मग १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंट. मधल्या वीस वर्षांत ज्या समाजाला पलटणीचं दार बंद झालं, त्याच्या घरी आजोबाचं १९१४-१८ चं पदक आणि नातवाचं १९३९-४५ चं पदक असा संच निघाला, तर तो फार मोलाचा आहे. तो फोडू नका.

याखेरीज खडकीचे बॉम्बे सॅपर्स, रस्ते-बांधकामाची कामं करणाऱ्या आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मोडलेल्या पायोनियर पलटणी, खेचर तुकड्या, आणि कोकणातल्या खलाशांसाठी रॉयल इंडियन मरीन, पुढची रॉयल इंडियन नेव्ही. खलाशी, टिंडेल, सारंग असा हुद्दा दिसला की पायदळाच्या दप्तरांत वेळ घालवू नका.

संच काय सांगतो

एकटं पदक नाव सांगतं, संच प्रवास सांगतो. म्हणून पदकं कोणत्या क्रमानं, कोणत्या फितीवर लावलेली आहेत ते न सोडवता आधी फोटोत घ्या.

पहिल्या महायुद्धाचा साधा नियम असा: १९१४ चा किंवा १९१४-१५ चा स्टार एकटा मिळत नसे, त्याच्याबरोबर ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल असायचीच. व्हिक्टरी मेडलबरोबर वॉर मेडल असायचंच. वॉर मेडल मात्र एकटं असू शकतं. तेव्हा हाती नुसतं व्हिक्टरी मेडल असेल तर चांदीचं जोडपदक कुठंतरी विकलं, वितळलं किंवा दुसऱ्या भावाच्या वाट्याला गेलं असं समजा आणि घरात तशी विचारणा करा.

१९१४ चा स्टार आपल्याकडे दुर्मीळ. तो फक्त ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये सेवा केलेल्यांचा. पण खडकीच्या सॅपर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये नव्ह शापेलला लढल्या, त्यामुळे सॅपरच्या घरी तो निघाला तर आश्चर्य नाही. १९१४-१५ चा स्टार बघून ‘आजोबा विलायतेला गेले’ असंही म्हणू नका. तो मेसोपोटेमियासाठी, म्हणजे आजच्या इराकसाठी मिळत असे, तसा वायव्य सरहद्दीवरच्या काही कारवायांसाठीही मिळत असे.

इंडिया जनरल सर्व्हिस मेडल असेल तर फितीवरची आडवी पट्टी, म्हणजे क्लास्प, वाचा. १९०८ च्या पदकावर ‘अफगाणिस्तान वायव्य सरहद्द १९१९’ ही पट्टी सर्रास दिसते. वझिरिस्तानच्या आणि ‘मलबार १९२१-२२’ च्याही पट्ट्या आहेत. १९१८ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर ‘इराक’ किंवा ‘कुर्दिस्तान’ असेल तर महायुद्ध संपल्यावरही माणूस तिकडेच अडकला होता. गावाकडे ‘बसऱ्याला पाच वर्षं होता’ असं जे सांगतात, त्याचा पुरावा इथं मिळतो.

दुसऱ्या महायुद्धात स्टार म्हणजे रणभूमी. आफ्रिका स्टार जून १९४० ते मे १९४३, इटली स्टार जून १९४३ ते मे १९४५, बर्मा स्टार डिसेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४५. इंडिया सर्व्हिस मेडल फक्त भारतीय सैन्यदलांसाठी, देशात तीन वर्षांच्या बिगरलढाऊ सेवेचं. आता हे जोडून बघा. ३-५ मराठाचा शिपाई आणि आफ्रिका व इटली दोन्ही स्टार: बटालियन १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियात केरनला होती आणि पुढे इटलीत. याच बटालियनचे नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २-५ चा शिपाई, आफ्रिका स्टार आहे, इटली स्टार नाही: जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक जर्मनांच्या हाती पडलं तेव्हा ही बटालियन तिथंच होती, म्हणजे युद्धकैदी झाला होता का, हा पहिला प्रश्न. ४-५ आणि बर्मा स्टार: मार्च १९४४ ची मणिपुरातल्या सांगशाकची लढाई बघा. हे सगळे दुवे आहेत, निकाल नव्हेत. माणूस भरपाईच्या तुकडीतून उशिरा पोचलेला असू शकतो, आजारी पडून मागे राहिलेला असू शकतो.

एक संच उलगडून पाहू

समजा तुमच्यासमोर स्टार, वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल असा पहिल्या महायुद्धाचा पुरा संच आहे, तिन्हींवर एकच नंबर, हुद्दा सिपाही, पलटण ११० वी. घरात एवढंच माहीत आहे की ‘पणजोबा जर्मनच्या लढाईत गेले आणि परत आले नाहीत’.

११० वी मेसोपोटेमियात होती. जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करेपर्यंत अन्न संपत गेलं, माणसं खंगली आणि उरलेली तुर्कांच्या कैदेत गेली. भारतीय कैद्यांपैकी पुष्कळांना रास अल-ऐन इथं रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपलं. तेव्हा या शिपायाचे रस्ते चार: वेढ्याआधीच्या लढायांत मृत्यू, वेढ्यात मृत्यू, कैदेत मृत्यू, किंवा वेढ्याबाहेर राहून नंतरच्या लढायांत मृत्यू. यातला कोणता, हे मृत्यूच्या तारखेवरून ठरेल. म्हणून आता तारीख शोधायची.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी कुणालाही फुकट बघता येते. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यात धरले आहेत. लढाईतलेच नव्हे, तापानं आणि पटकीनं झालेलेही. तिथं नावानं सुरुवात करू नका. सेवाक्रमांकाच्या रकान्यात नंबर टाका, देश भारत आणि युद्ध पहिलं निवडा. चार-पाच पलटणींतले त्याच नंबरचे शिपाई समोर येतील, त्यातला ११० वीचा तुमचा. जास्तीच्या माहितीत नशिबानं बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो. गावाच्या नावाची वर्तणीही तशीच मोडकी असते, तेव्हा ती मोठ्यानं वाचा. डोळ्यांना न कळलेलं गाव कानाला कळतं.

मेसोपोटेमियात गेलेल्या आणि कबर नसलेल्या शिपायांची नोंद बहुधा बसरा स्मारकावर असते. त्या स्मारकाच्या दगडावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या शिपायांचे पलटणवार आकडेच कोरले गेले. नावं यादीच्या वहीत राहिली. म्हणून स्मारकाच्या फोटोत नाव शोधून निराश होऊ नका. तारीख वेढ्यानंतरची निघाली, तर जिनिव्हाच्या रेड क्रॉसनं पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या आंतरजालावर ठेवल्या आहेत, त्या चाळा. याद्या हातानं लिहिलेल्या आहेत आणि वेळखाऊ आहेत, पण कैदेत मेलेल्या माणसाचा शेवटचा ठावठिकाणा तिथंच मिळायची शक्यता असते.

घरात ताटलीएवढी, सुमारे १२ सेंटिमीटरची जड ब्राँझची चकती आहे का, हेही विचारा. तिच्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक मानलेली स्त्री), सिंह आणि चौकटीत नुसतं नाव, हुद्दा नाही. ती मृताच्या वारसाला दिलेली स्मृतिचकती. कुणी ती ठोकळा म्हणून, कुणी झाकण म्हणून वापरलेली असते. ती सापडली तर माणूस युद्धकाळात गेला हे पक्कं.

पलटणीची रोजनिशी

माणूस वाचून परतला असेल तर वरची यादी उपयोगाची नाही. तेव्हा पलटणीच्या युद्धरोजनिशीकडे वळा. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धाच्या रोजनिश्या ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत. दुसऱ्या महायुद्धासाठी मध्यपूर्व ‘डब्ल्यूओ १६९’, इटली ‘डब्ल्यूओ १७०’ आणि ब्रह्मदेश ‘डब्ल्यूओ १७२’. तिथलीच ‘डब्ल्यूओ ३७२’ ही पदककार्डांची मालिकाही एकदा चाळा. ती मुख्यतः ब्रिटिशांची, तरी काही भारतीय कार्डं तिच्यात आहेत. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आपल्या कागदांची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर दाखवतं, तिथं पलटणीच्या नावानं शोधा.

रोजनिशीत शिपायाचं नाव क्वचितच असतं. साहेबाचं असतं, सुभेदाराचं कधीमधी, शिपाई ‘इतर हुद्दे, मृत इतके, जखमी इतके’ या आकड्यात जातो. हे वाचताना मन खट्टू होतं. पण तुमच्याकडे मृत्यूची किंवा जखमेची तारीख असेल तर त्या दिवशी पलटण कुठल्या कालव्याकाठी होती, पाऊस होता की ऊन, रसद पोचली होती का, हे सगळं त्या पानावर मिळतं.

फ्रान्सला गेलेल्या शिपायासाठी आणखी एक ठिकाण आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, सेन्सॉरनं उघडून भाषांतर केलेल्या भारतीय सैनिकांच्या पत्रांचे उतारे आहेत. तुमच्याच शिपायाचं पत्र मिळेल ही आशा धरू नका, पण त्याच थंडीत, त्याच खंदकात बसलेल्या माणसांनी घरी काय लिहिलं ते कळेल. तिथंच अधिकाऱ्यांचे सेवाकागद आणि पदकांच्या याद्याही आहेत.

संचात शौर्यपदक असेल, म्हणजे इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, मिलिटरी मेडल, तर काम सोपं होतं, कारण त्याची राजपत्रात घोषणा झालेली असते. लंडन गॅझेटचे जुने अंक आंतरजालावर फुकट शोधता येतात. भारतीय पदकांच्या घोषणा बऱ्याचदा भारताच्या राजपत्रात असतात, तेव्हा दोन्ही बघा.

रेकॉर्ड ऑफिसला पत्र

आता मुख्य कागद. प्रत्येक शिपायाचा शीट रोल असे. भरतीची तारीख, बापाचं नाव, गाव-तालुका, जात, उंची, अंगावरची खूण, वारस, बढत्या, मोहिमा, पदकं, सुटल्याची तारीख. तो सापडला तर माणूस उभा राहतो. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी.

पत्र छोटं आणि सरळ लिहा. वरच्या बाजूला नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि अंदाजे सेवाकाळ. खाली पदकांची यादी आणि कडेचे फोटो. मग तुमचं नातं आणि ते दाखवणारा कागद: वंशावळ, वारसाचा फेरफार, जुनं पेन्शन पुस्तक, जे असेल ते. शेवटी एकच नेमकी विनंती, ‘शीट रोलची प्रत मिळावी’. चार पानी कौटुंबिक इतिहास जोडला तर नंबर शोधणाऱ्या कारकुनाला तो त्यातून उपसावा लागतो. उत्तराला वेळ लागतो. स्मरणपत्र नम्र असू द्या. पहिल्या महायुद्धापेक्षा दुसऱ्याचे कागद मिळण्याची शक्यता बरीच जास्त, आणि त्यातही पेन्शनवर सुटलेल्या माणसाचे.

तुम्ही नातेवाईक नसून संग्राहक असाल तर तसं स्पष्ट लिहा. खोटं नातं सांगून कागद मिळवणं हा त्या शिपायाचाच अपमान आहे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जरूर जा. तिथं माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या पत्नींच्या नोंदी असतात. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देत आलं आहे, त्यामुळे ज्याचं नाव पलटणीत सापडत नाही त्याच्या पत्नीचं नाव इथल्या वहीत मिळू शकतं.

गावात

गाव कळलं की आधी वेशीजवळ, शाळेपाशी, चावडीच्या भिंतीत संगमरवरी किंवा दगडी पाटी आहे का बघा. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, अशा मजकुराच्या पाट्या ब्रिटिश सरकारनं खेडोपाडी बसवल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून गेलेले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ प्रसिद्ध आहे. पण किती तरी गावांत अशी पाटी चुन्याच्या थराखाली दडलेली असते. तिच्यावर नावं नसतात, आकडा असतो. तो आकडा आणि वॉर ग्रेव्ह्‌जच्या यादीतली गावाची नावं जुळवून बघा.

मग तलाठी, पोलीस पाटील, माजी सैनिक संघटनेचे लोक. आणि घरातली सगळ्यांत वयस्कर बाई. पुरुष लढाईचं नाव सांगतील, ती नेमकं सांगेल.

“आजी, थोरल्या सासऱ्यांचा एखादा कागद हाय का घरात?”

“कागद न्हाई बाबा. पर त्यांच्या माघारी सासूबाईस्नी पेन्शन यायची, साताऱ्याला जायच्या त्या बैलगाडीनं.”

एवढ्या उत्तरात किती धागे आहेत बघा. पेन्शन होती म्हणजे मंजुरीचा आदेश होता, नंबर होता, वारस म्हणून पत्नीचं नाव कुठंतरी लागलं होतं. म्हणून ‘कागद आहे का’ एवढ्यावर थांबू नका. पेन्शन आणायला कुठं जायचे, सुटीवर आले तेव्हा काय आणलं, पोरांची नावं कुठल्या साहेबावरून किंवा गावावरून ठेवली का, असं विचारत जा. आणि पदक तुमच्याकडे असेल तर ते आजीच्या हातात द्या. हातात घेतल्यावर आठवणी येतात.

कागदांत जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, फेरफार आणि इनामपत्रं बघा. यातलं बरंच मोडीत आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांतली जुनी दप्तरं मोठ्या प्रमाणावर चाळली गेली, स्कॅन झाली, आणि अनेक जिल्ह्यांनी ती आपल्या संकेतस्थळांवर टाकली. घराण्याची वंशावळ जुळवायला ती फार उपयोगी आहेत. मोडी वाचणारी माणसं पुण्या-मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावीही मिळतात. वाचणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे द्या.

सर्वांत मोठा धोका सारख्या नावांचा. एकाच गावात, एकाच भावकीत, एकाच पिढीत तीन ज्ञानू आणि चार बाबाजी असतात आणि दोघे लष्करात असतात. नंबर जुळल्याशिवाय कोणत्याही घरी जाऊन ‘हे तुमच्या पणजोबांचं’ असं म्हणू नका. शोध सुरू असताना प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: पक्कं, बहुधा, ऐकीव. कुठून मिळालं तेही लिहा. ‘बहुधा’ला ‘पक्कं’ करायला दुसरा स्वतंत्र कागद लागतो. त्याच माहितीवरून कुणी लिहिलेला दुसरा लेख चालत नाही.

स्वातंत्र्यानंतरची पदकं

इथं काम पुष्कळ सोपं आहे. १९६५ चं समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१ चं पूर्व आघाडीचं पूर्वी स्टार, पश्चिमेचं पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक, शांतता काळातलं सैन्य सेवा पदक. नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरूनच रेजिमेंट ओळखू येते: मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांचे नंबर २७ नं सुरू होतात, ग्रेनेडियर्सचे २६ नं, राजपुताना रायफल्सचे २८ नं. ‘जेसी’ म्हणजे सुभेदार वर्ग, ‘आयसी’ म्हणजे अधिकारी. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या शौर्याला लागू झाली. शौर्यपदकांची माहिती केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर नावानिशी आहे. मात्र या माणसांचे जवळचे नातेवाईक, कधी ती माणसं स्वतःही, हयात असतात. आधी त्यांना विचारा, मग काहीही जाहीर करा.

पदकांचं आणि कागदाचं काय करायचं

संच फोडू नका, फिती बदलू नका, गहाळ पदकाच्या जागी दुसऱ्याचं लावून संच पुरा दाखवू नका. पहिल्या महायुद्धातली बहुतेक पदकं आता शंभरी ओलांडून गेली आहेत, म्हणून परदेशी गिऱ्हाईक आलं तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी समजून घ्या. पदकं आम्लविरहित कागदात, कोरड्या डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोकणातल्या पावसाळ्यात ब्राँझ हिरवं पडतं.

शोध एका टप्प्याला आला की दोन पानांचं टिपण लिहा. पहिल्यावर नंबर, हुद्दा, नावाच्या सगळ्या वर्तण्या, पलटण, पदकं, कडेचे फोटो. दुसऱ्यावर तारखांचा क्रम आणि प्रत्येकीपुढे ते तीन शब्द. एक प्रत घरच्यांना, एक ग्रामपंचायतीला, एक पलटणीच्या केंद्राला पाठवा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं संग्रहालय आहे. टिपणावर लिहिल्याची तारीख आणि तुमचा पत्ता घाला, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला शीट रोल सापडला तर दुरुस्ती कुठं कळवायची ते त्याला समजेल.